डेकसाठी टू-पॅक पीयू रंग: आठ महिन्यांनी

गेल्या रविवारी बामणोलीला बोटीचा नांगर हातातून निसटला आणि डेकचा नखाएवढा टवका उडाला. उरलेला रंग साताऱ्याला घरी होता, म्हणून निर्धास्त होतो. टू-पॅक पीयू म्हणजे बेस आणि हार्डनर असे दोन डबे मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग. हार्डनरचा डबा उघडला तर वर साय, खाली दगड! बेस जसाच्या तसा, पण हार्डनरवाचून त्याचा उपयोग काय? दुकानदार नुसता हार्डनर देत नाही, लहान सेटही ठेवत नाही. अर्धा सेट पाण्यात गेला याचा संताप अजून उतरलेला नाही. हार्डनरमधलं आयसोसायनेट हे रसायन हवेतल्या ओलीने घट्ट होतं. मग डब्यावर हे मोठ्या अक्षरात छापायला काय हरकत आहे?

रंगाबद्दल मात्र तक्रार नाही. सोळा फुटी जुनी फायबरची शिडाची बोट, जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत रंगीत थर) इतका विटलेला की हात फिरवला की पांढरी भुकटी. फेब्रुवारीत काम काढलं. खरा वेळ रंगाने खाल्लाच नाही. क्लीटभोवती (दोर बांधायच्या खुंटीभोवती) हातोडीच्या मुठीने ठोकलं तर टणक आवाजाऐवजी भद्द. स्क्रूच्या भोकांतून पाणी मुरून आतला प्लाय कुजला होता. तो काढून नवा बसवला, भोकं मोठी करून इपॉक्सी राळेने बुजवली आणि त्या इपॉक्सीतच नवी भोकं पाडली. तीन शनिवार-रविवार गेले. हे टाळून वरून रंग मारलात तर पैसे फुकट. इपॉक्सी उन्हात टिकत नाही, म्हणून वर पीयू हवाच. दव सुकल्यावर दहाला सुरुवात, तीनला बंद. संध्याकाळची ओल बसली तर चकाकी जाते. रोलर-ब्रशच वापरा. स्प्रेचा फवारा छातीत जातो.

पाय घसरू नये म्हणून पहिल्या ओल्या हातावर चाळलेली बारीक वाळू भुरभुरवली आणि वर दुसरा हात दिला. एप्रिलमध्ये गुडघे सोलले तेव्हा वाळूला शिव्या घातल्या होत्या. जूनच्या पहिल्या सरीत शीड उतरवायला पुढे धावलो, पाय जागचा हलला नाही. त्या शिव्या परत घेतो. बसायच्या जागी मात्र वाळू नको.

टवक्यातून पाणी मुरू नये म्हणून सध्या इपॉक्सी भरलंय. नवा सेट घेतला, त्यात हॅचचं झाकण आणि बसायच्या फळ्याही उरकतो. उरलेला हार्डनर औषधाच्या काचेच्या छोट्या कोरड्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरणार, म्हणजे आत हवाच राहणार नाही. पहिली बाटली मार्चमध्ये फोडेन आणि इथेच कळवेन.