परक्लोज प्रोग्लाइड: एक्मोची नळी काढताना कामाचं, पण डोळे झाकून नको

ॲबट कंपनीचं डिव्हाइस आहे, धमनीच्या भोकाला टाका घालतं, गाठ आधीच बांधलेली, आपण फक्त खाली सरकवायची. पण व्हीए एक्मोची (शिरेतून रक्त घेऊन, ऑक्सिजन भरून धमनीत सोडणारं, हृदय-फुफ्फुसांना आधार देणारं यंत्र) जांघेतल्या धमनीतली नळी साधारण 15 ते 19 फ्रेंचची (फ्रेंच म्हणजे जाडीचं माप, 3 फ्रेंच = 1 मिमी), एका टाक्यात भागत नाही, निदान दोन लागतात, घड्याळातल्या 10 च्या दिशेला एक, 2 च्या दिशेला एक असे तिरके फिरवून, प्रत्येक टाक्याला वेगळं डिव्हाइस, म्हणजे बिलही डबल! टावीत (धमनीतून नळीवाटे हृदयाची झडप बसवताना) टाके आधीच घालून ठेवतात, इथे नळी कित्येक दिवस आत, इन्फेक्शनची भीती, म्हणून बहुतेकदा काढतानाच घालायचे. रक्त थांबल्याची खात्री होईस्तोवर धमनीत ठेवलेली वायर सोडू नका हां. धमनीच्या पुढच्या भिंतीत कॅल्शियम दिसलं तर सरळ सर्जनला बोलवा. बाकी जमलं तर मोठा काप वाचतो, मला आवडलं. नंतर पायाचं डॉप्लर (रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) कराच.