किलोमीटर बघू नका, खाड्या मोजा

कोकणात सायकलची सहल करून आलो. आधी पैशाचं सांगतो. टॉवेलच्या कारखान्यात हिशोब लिहिणारा माणूस आहे, दुसरं आधी सुचतच नाही. माणशी साडेनऊ हजार रुपये, तीन दिवस, दोन रात्री. त्यात मुक्काम, जेवण-नाश्ता, सामान वाहणारी गाडी, वाटाड्या आणि मोबाइलवर टाकायची मार्गाची फाइल. सायकल आपली आपण न्यायची. रत्नागिरीहून समुद्राच्या कडेने दक्षिणेला, मधे राजापूरकडचे सडे, म्हणजे जांभ्याची पठारं, आणि शेवटी अणुस्कुरा घाट, असा ग्रॅव्हल सायकलींचा, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हीवर चालणाऱ्या सायकलींचा मार्ग. सहल देणाऱ्यांचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रार येणार आहे, आणि ती त्यांनी ऐकूनही घेतली.

आम्ही तिघे. मी, मेहुणा आणि त्याचा बँकेतला मित्र. दर रविवारी हिप्परग्याच्या तलावाकडे नाहीतर नान्नजच्या माळावर सायकली काढतो. ६० किलोमीटर मारून नाश्त्याला घरी, एवढी आमची मिजास. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, पण सगळं ताटासारखं सपाट. त्यामुळे मार्गपत्रिकेत पहिल्या दिवसाला ‘५२ किलोमीटर’ बघून मेहुणा म्हणाला, “दुपारून काय करायचं मग?”

सायकली चादरीत गुंडाळून गाडीत घातल्या. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरी. सोलापूर-रत्नागिरी हा एकच महामार्ग आहे, चुकायला वावच नाही.

दुपारून काय करायचं याचं उत्तर पावसच्या आधीच मिळालं. तिथला किनारा म्हणजे जांभ्या दगडाचा उंच सपाट सडा, आणि त्याला जागोजागी खाड्यांनी पाडलेल्या खाचा. गाव खाली, पाण्याजवळ. रस्ता सड्यावरून सुसाट गावात उतरतो, पूल ओलांडतो आणि लगेच भिंतीसारखा वर चढतो. भाट्याची खाडी झाली, मग पावस, मग पूर्णगडला मुचकुंदीचा पूल, पलीकडे गावखडी. प्रत्येक उताराला मजा वाटायची आणि खाली पूल दिसला की पोटात गोळा यायचा. संध्याकाळी सायकलच्या कॉम्प्युटरवर चढाई आली १,०४० मीटर. नान्नजला जाऊन आलो तर अडीचशेसुद्धा होत नाही. हा आकडा पत्रिकेत का छापत नाहीत? माझी पहिली तक्रार हीच. कोकणातल्या मार्गाला किलोमीटर सांगणं म्हणजे कापडाची फक्त लांबी सांगून पन्हा न सांगण्यासारखं आहे.

आता चांगलं. दुसरा दिवस. पैसे वसूल म्हणतात ते या एका दिवसात झाले.

कशेळी ते देवीहसोळ हा भाग डांबर सोडून सड्यावरच्या गाडीवाटांनी नेला. डिसेंबरात गवत वाळून पिवळंधमक झालेलं, मधे काळा पडलेला कातळ, आणि वाट लाल. साध्या रस्त्याच्या सायकलचे बारीक टायर इथे दहा मिनिटं टिकणार नाहीत, आणि जाड टायरची डोंगरी सायकल आणली असती तर आदल्या दिवशीच्या डांबरी चढांवर जीव गेला असता. ४० मिलिमीटरचे टायर, हवेचा दाब ३५ पीएसआयपर्यंत उतरवलेला, हातात खाली वळलेला हँडल. ग्रॅव्हल बाईक कशासाठी असते ते मला सोलापुरात दोन वर्षं चालवून कळलं नव्हतं. सड्यावर तासाभरात कळलं.

कशेळीला कातळशिल्पातला, म्हणजे सड्याच्या कातळावर कोरलेला, हत्ती आहे. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. जवळ उभं राहून आधी काहीच कळत नाही, नुसत्या रेघा. वाटाड्याने बोट फिरवत सोंड दाखवली, मग पाय, आणि मग त्या हत्तीच्या पोटात कोरलेले दुसरे प्राणी. आमच्या बुटांना तळाला लोखंडी पट्टी असते. त्याने सायकली लांब लावायला लावल्या आणि बूट काढायला लावले. सकाळचे दहा वाजले होते, तरी कातळ तव्यासारखा. पाय भाजले, पण त्या पोराला पूर्ण मार्क.

सड्यावर एक गोष्ट मात्र जपायची. चिरेखाणी. जांभ्याचे चिरे काढून सोडलेले सरळ कापीव खड्डे, कडेला ना कुंपण ना दगड, आणि गवत काठापर्यंत. वाट सोडून ‘जरा इकडून जाऊ’ करायचं नाही. आम्ही केलं. खड्ड्यात नाही पडलो, पण काठाला टाकलेल्या चिऱ्याच्या तुकड्याने माझ्या मागच्या टायरची कड चिरली, बोटाच्या पेरापेक्षा जास्त. सोलापुरात वेड्या बाभळीचे काटे पचवणारं सीलंट, म्हणजे टायरमधलं भोक बुजवणारं पातळ रसायन, पांढरं फसफसत बाहेर आलं आणि थांबेचना. सपोर्ट गाडीला फोन, तर सड्यावर रेंज नाही.

शेवटी खाऊच्या पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. (तीन दिवस न बिघडणारं, खारट, तेलकट. ताकदीसाठी परदेशी जेलच्या पुड्या खाणाऱ्यांनी एकदा आमचं हे खाऊन बघावं.) चटणी तिघांनी संपवली, प्लास्टिकची जाड पुडी पुसून चार घड्या केल्या, टायरच्या आतून चिरेवर बसवली, वर ट्यूब घालून हवा भरली. पुढचे तीस किलोमीटर टायर टिकला. परत आल्यावर सात रस्त्याजवळच्या आमच्या सायकलवाल्याने टायर उघडला, वास घेतला आणि म्हणाला, “काय मालक, टायरला बी चटणी चारली का?”

दुसरी तक्रार त्याच दुपारची. मार्गाच्या फाइलने आम्हाला एका वाडीत पाखाडीवर आणून सोडलं. पाखाडी म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची उतरती पायवाट, दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे रचलेल्या दगडांचे बांध. नकाशात रेघ दिसली म्हणून कुणीतरी ती मार्गात घेतली होती, सायकलवरून कुणी गेलंच नव्हतं. वाटाड्या मागे राहिलेल्या बँकवाल्याबरोबर. सायकली खांद्यावर घेऊन शंभराच्या वर पायऱ्या उतरलो. खाली अंगणात सुपारी सोलत बसलेल्या आजी बघत होत्या. म्हणाल्या, “काय हो, सायकल तुम्हांस न्यायची, का तुम्ही सायकलीस?” आणि मग कोकम सरबत दिलं. रात्री तक्रार केली तेव्हा सहलवाल्याने वाद घातला नाही. आमच्यासमोर फाइल उघडली, तो तुकडा काढला आणि वाडीला वळसा घालणारा रस्ता टाकला.

जेवण ठीक. घावणे, कुळथाची पिठी, सोलकढी. मेहुण्याला तिखट कमी पडलं, पण चटणी टायरमध्ये गेली होती.

तिसरा दिवस पाचलहून अणुस्कुरा घाट. सगळं डांबर, लांब चढ, पण एकसारखा. एकदा गिअर लावला की डोकं बंद करून चढत राहायचं, वर वारा आणि मागे कोकण. आदल्या दोन दिवसांच्या वर-खालीपेक्षा मला तो सोपा गेला, हे मी घरी कुणाला पटवू शकलेलो नाही. वर गाडी उभी होती, सामान लावून तयार. तिथून मलकापूर आणि घर.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पाणी प्रत्येकी अडीच लिटर, कारण सड्यावर एकही टपरी नाही. मागे मोठ्ठा गिअर हवाच, माझा ४२ दातांचा होता आणि तोही कमी वाटला. एक जादा टायर गाडीत टाका. मी चारपैकी साडेतीन देईन. अर्धा चढाई लपवल्याबद्दल कापला. आम्ही गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, झाला की पुन्हा जातोय, या वेळी फक्त दुसऱ्या दिवसाचा मार्ग दोनदा. सहलवाल्याला सांगून ठेवलंय, पत्रिकेत चढाईचा आकडा लिहून पाठव, मग पैसे टाकतो.