गंगापूर रोडवरचं फुटबॉल स्क्रीनिंग: पडदा एक नंबर, ऑफर तेवढी बंद करा

शनिवारी रात्री साडेआठची प्रीमियर लीगची, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल लीगची मॅच घराबाहेर बसून बघायची म्हटलं तर नाशकात फार पर्याय नाहीत. कॉलेज रोडच्या कॅफेंत टीव्ही असतो, पण आवाज बंद आणि वर हिंदी गाणी. साध्या परमिट रूममध्ये गेलात तर तिथे क्रिकेट. भारत खेळत नसला तरी जुनी मॅच लावतील, पण फुटबॉल नाही. त्यामुळे या सीझनला मी आणि माझा भाचा गंगापूर रोडवरच्या एका रेस्टो-बारच्या गच्चीवर बऱ्यापैकी नियमित जातोय. नाव लिहीत नाही. जाणारे ओळखतील, आणि खाली जी तक्रार आहे ती थोड्याफार फरकाने सगळीकडे लागू पडते.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. पडदा मोठा आहे, प्रोजेक्टर दमदार आहे, ऑफसाइडची रेघ मागच्या टेबलावरूनही दिसते. कॉमेंट्री पूर्ण आवाजात. डीजेला फक्त हाफटाइमला हात लावू देतात, ही तर मोठीच मेहरबानी. अॅपऐवजी डिशवरून दाखवतात, म्हणजे शेजारचा माणूस फोनवर स्कोअर बघून आपल्याआधी ‘गोऽऽल’ ओरडतोय असं सहसा होत नाही. ज्याने हे भोगलंय त्यालाच त्याची किंमत कळेल. डिसेंबर-जानेवारीत नाशकाची थंडी गच्चीवर चांगलीच लागते, पण दोन बाजूंनी जाड प्लास्टिक सोडलेलं असतं. जॅकेट मात्र न्याच.

खाणं ठीक. चणा कोळीवाडा कुरकुरीत येतो, मसाला पापडावर कांदा-टोमॅटो सढळ हाताने. चिकन चिली मागवाल तर मॅच सुरू व्हायच्या आधी मागवा, नंतर किचन कोलमडतं. तंदूरच्या नादी लागू नका.

आता पैशाचं. स्क्रीनिंगच्या दिवशी माणशी सातशे रुपये कव्हर, त्यातले पाचशे बिलात वळते होतात. हेही मला मान्य आहे. मान्य नाही ती ऑफर: ‘किक-ऑफ ते हाफटाइम, बिअर एकावर एक फ्री.’

या ऑफरने काय होतं ते बघायचं असेल तर पडद्याकडे पाठ करून चाळिसाव्या मिनिटाला गच्ची बघा. तोपर्यंत लोक मॅच बघत असतात. मग कुणीतरी घड्याळ बघतो आणि सगळ्या टेबलांवरून एकदम हात वर होतात. ‘भाऊ, इकडे चार, म्हणजे आठ!’ पंचेचाळिसाव्या मिनिटाला चौघांच्या टेबलावर आठ मग उभे. रेफरीने इंज्युरी टाइम, म्हणजे वाया गेलेल्या वेळेची भरपाई, तीन मिनिटं दाखवला की त्यावरून वाद, की हाफटाइम पंचेचाळिसाला धरायचा की शिट्टीला. काउंटरवाला म्हणतो पंचेचाळिसाला, गिऱ्हाईक म्हणतं शिट्टीला. मैदानात काय चाललंय ते कुणाच्या गावी नाही. त्यानंतर ती आठ मग बिअर कोमट व्हायच्या आत संपवायची, कारण पैसे दिलेत. सेकंड हाफच्या पहिल्या वीस मिनिटांत निम्मी गच्ची टॉयलेटच्या रांगेत. वर एकच टॉयलेट आहे, बाकीची खाली.

गंमत म्हणजे नेमकं हेच इंग्लंडमध्ये कायद्याने घडवलं जातं. तिथे १९८५ पासून नियम आहे की मैदान दिसेल अशा जागी बसून दारू प्यायची नाही. स्टँडच्या खाली विकत मिळते, पण ग्लास घेऊन सीटवर जायचं नाही. मग काय होणार? पंधरा मिनिटांच्या हाफटाइममध्ये खाली गर्दी आणि घटाघट. २०२१ मध्ये ट्रेसी क्राउच या खासदारबाईंच्या समितीने फुटबॉलच्या कारभारावर जो अहवाल दिला, त्यात हेच म्हटलंय की या बंदीमुळे लोक थोड्या वेळात जास्त पितात, तेव्हा खालच्या लीगमध्ये सीटवर प्यायला देऊन बघा. तिथे सरकारने जे बंदी घालून केलं, ते आमच्या मालकाने फुकट वाटून केलं. परिणाम सारखाच.

आणि न पिणाऱ्याचं काय? माझा भाचा एकोणीस वर्षांचा. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला एकवीस पूर्ण लागतात, हार्ड ड्रिंकला पंचवीस. तो फ्रेश लाइम सोडा घेतो. सोडा एकशे ऐंशीला. ऑफरमध्ये बिअरचा एक मग पडतो एकशे पंचाहत्तरला. मी बिल त्याच्यासमोर धरलं तर म्हणाला, ‘मामा, मी पाच रुपये शुद्धीत राहायचे भरतोय.’ लिंबू, मीठ, सोडा आणि बर्फ. पिंपळगावच्या मंडईत लिंबाचा भाव काय असतो ते मालकाला मी सांगायला नको.

बरं, कायद्याचं म्हणाल तर आजवर एकदाही कुणाला वयाचा पुरावा मागताना मी पाहिलेलं नाही. मागच्या टेबलावरची पोरं भाच्याच्या कॉलेजात एस. वाय.ला. त्यांच्यासमोर बिअरचा पिचर. मी काउंटरवर सांगितलं, तर ‘सर, सगळे बघूनच देतो’ असं उत्तर. कशाकडे बघून, ते काही सांगितलं नाही.

आता मुख्य प्रकरण. मागच्या महिन्यात, साधारण पासष्टाव्या मिनिटाला, पडद्याजवळच्या टेबलावरून भांडण झालं. ढकलाढकली, एक मग फुटला, काच उडाली, एकाच्या हाताला लागलं. मॅनेजर आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘काय करणार, पिऊन गोंधळ घालतात लोक.’ माना डोलल्या. मी त्या टेबलाच्या शेजारीच होतो, म्हणून सांगतो. ते टेबल दोन ग्रुपना दिलं होतं. एकाने फोनवर बुक केलेलं, दुसऱ्याने दारात कव्हर भरून घेतलेलं. पहिला ग्रुप हाफटाइमला खाली टॉयलेटला गेला, तर दुसऱ्याला तिथे बसवून टाकलं. पहिले परत आले तेव्हा त्यांचे भरलेले मग तिसऱ्याच माणसांपुढे. माझ्याबाबतीत हे झालं असतं तर लाइम सोड्यावरही मी आवाज चढवला असता.

‘पिऊन गोंधळ’ या वाक्याची मला चीड येते, कारण मी लिव्हरपूल क्लबचा चाहता आहे. १५ एप्रिल १९८९ ला इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कपच्या सेमी-फायनलला जी चेंगराचेंगरी झाली, त्यात आमचे सत्त्याण्णव लोक गेले. पोलिसांनी बाहेरची गर्दी कमी करायला एक मोठं गेट उघडलं, लोंढा आधीच भरलेल्या मधल्या पिंजऱ्यांत, म्हणजे जाळीने बंद केलेल्या उभं राहायच्या जागांत, घुसला, समोर लोखंडी जाळी. आणि दुसऱ्या दिवसापासून सांगितलं काय गेलं, तर चाहते दारू पिऊन उशिरा आले म्हणून झालं. १९८९ च्या टेलर चौकशीनेच हे नाकारलं होतं, तरी सरकारने जाहीर माफी मागायला २०१२ चा स्वतंत्र पॅनेलचा अहवाल यावा लागला, आणि २०१६ मध्ये मृत्यूंच्या चौकशीतल्या ज्युरीने स्पष्ट सांगितलं की चाहत्यांचा दोष नव्हता. सत्तावीस वर्षं. गच्चीवरच्या एका टेबलाची तुलना त्याच्याशी करण्याइतका मी येडा नाही. पण वाक्य तेच आहे, आणि ते कामही तेच करतं: ते उच्चारलं की जागा कुणी किती विकल्या हे कुणी विचारत नाही.

१९८० सालच्या दोन घटना बघा. मे महिन्यात ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर स्कॉटिश कपची फायनल, सेल्टिक आणि रेंजर्स. मॅच संपल्यावर दोन्हीकडचे लोक मैदानात उतरून भिडले, घोडेस्वार पोलीस आणावे लागले, आणि स्कॉटलंडने त्याच वर्षी स्टेडियममधल्या दारूवर बंदी आणली. मग ऑगस्टच्या १६ तारखेला कोलकात्यात ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. स्टँडमध्ये मारामारी, पळापळ, सोळा माणसं मेली. तिथे काही बिअरचा स्टॉल नव्हता. दोन कट्टर बाजूंचे लोक एकाच स्टँडमध्ये खेटून बसवले होते.

म्हणजे दारूचा काहीच संबंध नाही असंही मी म्हणत नाही. कतारचं उदाहरण माझ्याविरुद्ध जातं. २०२२ चा वर्ल्ड कप सुरू व्हायला दोन दिवस असताना, १८ नोव्हेंबरला, त्यांनी स्टेडियमभोवतीची बिअर विक्री बंद केली. चाहत्यांसाठीच्या फॅन झोनमध्ये संध्याकाळी पन्नास रियालला मिळायची, आणि बड्या लोकांच्या बॉक्समध्ये अर्थातच मिळत राहिली. त्या स्पर्धेत इंग्लंड-वेल्सच्या एकाही चाहत्याला अटक झाली नाही. पूर्वी हे लोक जिथे जातील तिथे खुर्च्या उडायच्या, तेव्हा हा आकडा झटकून टाकता येत नाही. अर्थात इतका खर्च करून दोह्याला कोण गेलं होतं, तेही बघावं लागेल. आणि ज्या फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, कतारपुढे मान तुकवली, त्याच फिफाने २०१४ च्या वर्ल्ड कपसाठी ब्राझीलला स्टेडियममधली बंदी उठवायला लावली होती. तत्त्व वगैरे काही नाही हो, ज्याचं चालतं त्याचं चालतं.

माझ्यासाठी जास्त जवळचा पुरावा याच गच्चीचा आहे. १८ डिसेंबर २०२२ ची फायनल मी इथेच बघितली. अर्जेंटिना-फ्रान्स, रविवार, साडेआठ. आजच्यापेक्षा जास्त गर्दी होती, खुर्च्या संपून लोक पायऱ्यांवर बसलेले. ऑफर नव्हती, बिअर पूर्ण भावात. लोक पीत होते, पण एक मग घेऊन तासभर बसत होते. एकोणऐंशीव्या मिनिटापर्यंत दोन-शून्य, काहींनी बिल मागवलं होतं. मग फ्रान्सच्या एम्बापेने ऐंशीला पेनल्टी आणि एक्क्याऐंशीला तो व्हॉली मारला आणि बिलाची पाकिटं टेबलावर तशीच राहिली. तीन-तीन, पेनल्टी शूटआउट, अर्जेंटिना. एकशेवीस मिनिटांच्या वर मॅच चालली, अनोळखी लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, पण हातघाईवर कुणी आलं नाही. तीच गच्ची, तीच बिअर, तेच नाशिककर.

तेव्हा मालकांना माझं म्हणणं इतकंच आहे. बिअर विका, जरूर विका. ऑफर द्यायचीच असेल तर खाण्यावर द्या, किंवा लाइम सोड्यावर. बिअर शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत एकाच भावात द्या, म्हणजे कुणाला घाई राहणार नाही. टेबल एकाच माणसाला विका. आणि उभ्या गर्दीत काचेचे मग बंद करा. आमच्या अंबडच्या कंपनीतला एक सहकारी ट्रेनिंगला सहा महिने जर्मनीत स्टुटगार्टला होता. तो सांगतो, तिकडे स्टँडमध्ये बसून बिअर पितात, पण जाड प्लास्टिकच्या कपात. कपाचं डिपॉझिट आधी घेतात, कप परत केला की पैसे परत. फेकायला हात उचलला तरी आपलेच पैसे जातात.

हो, आणि वाइन. द्राक्षांच्या गावात, पाऊण तासाच्या आत इतक्या वाइनरी असताना, या मेनूवर ग्लासने वाइन नाही, अख्खी बाटलीच घ्यावी लागते. थंडीच्या रात्री गच्चीवर एक ग्लास रेड घेऊन बसणारं गिऱ्हाईक मिळेल की नाही ते निदान बघा तरी. मी पहिला.

सर्व्हिसमध्ये एका माणसाचा उल्लेख केलाच पाहिजे. उजवीकडच्या रांगेचा वेटर, पेठकडचा आहे, पस्तिशीचा. हा माणूस न मागता पाण्याची बाटली आणतो. तिसरा राउंड मागितला की आधी पापड आणतो, मग थोडा गायब होतो, मग बिअर आणतो. मी विचारलं, ‘काय दादा, उशीर?’ तर म्हणाला, ‘साहेब, मॅच अजून बाकी आहे ना.’ त्याच्या रांगेत आजवर भांडण झालेलं मी पाहिलेलं नाही. टिप त्याच्या हातात द्या, बिलावर लिहू नका.

परतताना गाडी चालवू नका. शनिवारी पोलीस उभे असतात आणि ते बरंच आहे. रिक्षा साडेदहानंतर दुप्पट मागतात, अॅपवरची गाडी यायला वीस मिनिटं धरा. आम्हाला भाचा घेऊन जातो, लाइम सोड्याचा तेवढा फायदा.

पडद्याला पाचपैकी पाच, खाण्याला तीन, त्या वेटरला पाच, मॅनेजमेंटला दीड. बुकिंग फोनवर न करता प्रत्यक्ष जाऊन करा, पावतीवर टेबल नंबर लिहून घ्या आणि उजवीकडची रांग मागा. हाफटाइमला सगळे एकदम उठू नका, एक जण बसून राहू द्या.