जपानी म्हणून गळ्यात मारलेले टायर : जुनी गाडी बाळगणाऱ्यांनी वाचाच

एकूण ६०,२५० रुपये गेले. त्यातले ३०,७०० त्या दुकानदाराच्या घशात गेले आणि २९,५५० त्याने करून ठेवलेलं निस्तरण्यात. आकडा आधीच सांगते, कारण आजवर ज्यांनी विचारलं त्यांना मी 'गेले थोडेफार' असं सांगत आले. थोडेफार नाही गेले. आणि पैशापेक्षा मोठं काय जाऊ शकत होतं, ते पुढे येईलच.

गाडी २०१० ची होंडा सिटी, बाबांची. २०२५ मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, सगळ्यांनी 'भंगारात दे' म्हणून कान किटवले. मी पाच हजार फी भरली, फिटनेस करून घेतलं आणि पुढच्या पाच वर्षांसाठी पुनर्नोंदणी केली. शॉकअप बदलले, इंजिन माउंटिंग बदलली, क्लचप्लेट टाकली, प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये स्वतः उभी राहून. हे सांगते अशासाठी, की 'बाईमाणूस, गाडीतलं काय कळणार, फसणारच' हे मी आता पुरेसं ऐकलंय. गाडीतलं मला कळतं. ज्या गोष्टीत मी फसले ती आपल्याकडे कुणालाच माहीत नसते, आणि तो माणूस नेमका त्यावरच जगतो.

पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी दोन डिस्क, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या लोखंडी रिंगा, वाकवल्या होत्या. ठोकून सरळ केल्या, तरी हवा उतरायची. टायरही झिजले होते. म्हटलं, एकदाच काय तो खर्च करू आणि बाबांची फार वर्षांची हौस होती ते अलॉय, म्हणजे मिश्रधातूच्या रिंगा, टाकू. सुट्या भागांच्या गल्लीतल्या एका दुकानाचं नाव कुणीतरी सुचवलं. दुकानदार गोड बोलणारा, 'ताई, ताई' करणारा. गाडी बघूनच म्हणाला, "ही गाडी विकू नका, असं इंजिन आता येत नाही." तिथेच मी अर्धी विरघळले. जुन्या गाडीवर जीव असणाऱ्यांना काय ऐकायचं असतं ते या लोकांना बरोबर ठाऊक असतं.

हिशेब असा होता. 'जपानहून आलेले, नव्वद टक्के लाइफ असलेले' १८५/६० आर १५ मापाचे चार टायर, प्रत्येकी ३,४०० प्रमाणे १३,६००. 'ओरिजिनल जपानी गाडीवरून उतरवलेले' अलॉय, सेट २१,०००. फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट १,६००. झाले ३६,२००. माझ्या जुन्या डिस्क आणि टायर त्याने ५,५०० ला एक्स्चेंजमध्ये घेतले. उरले ३०,७००. त्यातले २०,००० यूपीआयने आणि १०,७०० रोख, कारण 'सगळं ऑनलाइन केलंत तर जीएसटी लावावा लागेल ताई.' क्यूआर कोड स्कॅन केल्यावर दुकानाचं नाव आलं नाही, भलत्याच कुणा व्यक्तीचं आलं. विचारलं तर म्हणाला, मिसेसचं खातं आहे. पावती म्हणून पॅडच्या कागदावर नुसते आकडे. ना शिक्का, ना जीएसटी नंबर.

कच्ची पावती सगळेच देतात, तुम्हीही घेतली असेल. तरी आता सांगते : स्क्रीनवर दुकानाचं नाव आलं नाही तर पैसे सोडू नका. आणि जुनी चाकं एक्स्चेंजमध्ये द्यायची असतील तर निदान महिनाभर स्वतःकडे ठेवा आणि मग द्या. माझ्याकडे परत बसवायला काहीच उरलं नव्हतं, आणि त्याला तेच हवं होतं.

आता तो क्षण. टायर जमिनीवर आडवे पडले होते, काळं पॉलिश मारून चकचकीत केलेले. एकाच्या बाजूला चित्र दिसलं : तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात बर्फाची चांदणी. मी बोट ठेवून विचारलं, "हे काय?" तो क्षणभरही अडखळला नाही. म्हणाला, "घाटात ग्रिप धरणारा टायर आहे, म्हणून डोंगर. आपल्याकडे हा मिळतच नाही." मी खाली वाकून नक्षी पाहिली. प्रत्येक ठोकळ्यावर करवतीने मारल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा होत्या, शेकड्यांनी. असा टायर मी आयुष्यात पाहिला नव्हता. तो म्हणाला, पाणी कापायला असतात. बोटाने दाबून दाखवलं, "बघा किती सॉफ्ट रबर!" खिशात फोन होता. त्या चित्राचा फोटो काढून शोधलं असतं तर मिनिटभरात उलगडा झाला असता. हे मनात किती वेळा घोळलंय ते मलाच माहीत. पण मी विचारलं होतं, हेही लक्षात घ्या. ज्याचा हाच धंदा आहे त्याला नीट, सरळ प्रश्न विचारला होता आणि तो माझ्या तोंडावर खोटं बोलला.

ते हिवाळी टायर होते. बर्फात चालवायचे. तापमान ७ अंशांच्या खाली गेल्यावर साधं रबर कडक होऊन घसरतं, म्हणून यांचं मिश्रणच वेगळं असतं, गारठ्यातही मऊ राहणारं. चिरा असतात त्या बर्फ पकडायला. थंड देशांत लोक हिवाळ्यापुरते हे बसवतात आणि उन्हाळ्यात उतरवून ठेवतात. जर्मनीत तर १ ऑक्टोबर २०२४ पासून हे डोंगराचं चिन्ह नसेल तर टायर हिवाळी म्हणून धरलाच जात नाही, इतकी ती खूण स्पष्ट आहे. आणि हा दुकानदार असा टायर पुण्याच्या मे महिन्यात, तापलेल्या डांबरावर चालवायला विकतो. उन्हात हे ठोकळे वळणावर, ब्रेकवर लुळे पडतात, भराभर झिजतात आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. त्यात माझे टायर २०१५ सालचे निघाले. म्हणजे चिरांमुळे ठोकळे लुळे, आणि वय झाल्यामुळे रबर भेगाळलेलं. दोन्हीकडून वाईट.

साल कळलं कसं नाही, असं विचाराल. टायरच्या बाजूवर DOT ने सुरू होणारा कोड असतो, त्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बघायचे हे मला माहीत आहे : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पण बऱ्याच टायरांवर तारखेसकट पूर्ण कोड एकाच बाजूला असतो. त्याने चारही टायर ती बाजू आत करून बसवले होते. मी चहा घेऊन येईपर्यंत दोन चाकं गाडीवर चढलीसुद्धा होती. टायर बसवण्याआधी दोन्ही बाजू फिरवून बघा, आणि चहाला जाऊ नका.

पहिल्यापासून ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरत होतं. फोन केला तर, "नवीन सेट आहे ताई, बसायला वेळ लागतो." मग साताऱ्याला जाताना वळवाची सर आली. पुढच्या ट्रकने ब्रेक मारला, मी मारला, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) खडखडलं आणि गाडी सरकतच राहिली. ट्रकच्या मागच्या पट्टीपासून हातभर अंतरावर थांबली. शेजारी आई होती. तिने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

शिरवळच्या पुढे रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे गाडी घातली. त्याने पुढच्या चाकाच्या नटाला पाना लावायच्या आधी सहज बोट लावलं आणि माझ्याकडे बघितलं. "ताई, हा हातानं फिरतोय." होंडाच्या मूळ डिस्कच्या नटांची बैठक, म्हणजे डिस्कला टेकणारा भाग, गोल असतो. बाजारातल्या अलॉयना निमुळते, शंकूच्या आकाराचे नट लागतात. गोल नट निमुळत्या भोकात नीट बसत नाही, घट्ट केला तरी सैल होत जातो. दुकानदाराने माझेच जुने नट परत लावले होते. सोळा नटांचा सेट वाचवला त्याने! चाक हायवेवर निखळलं असतं. त्या पंक्चरवाल्याने नट आवळून दिले, हळू चालवायला सांगितलं आणि पैसे घ्यायला तयार नव्हता.

पुण्यात आल्यावर माझ्या गॅरेजवाल्याने चाकं उतरवली. सिटीच्या हबचं, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागाचं, माप ५६.१ मिलिमीटर, त्या अलॉयचं मधलं भोक ७३.१. म्हणजे कुठल्याही गाडीला चालतील असे बाजारू अलॉय, मधली फट भरणारी हब रिंगसुद्धा न टाकता बसवलेले. थरथर त्याचीच. ओरिजिनल जपानी वगैरे सगळी थाप. एका अलॉयच्या आतल्या कडेला वेल्डिंगचा जाड पट्टा होता, वर पावडर कोटिंग मारून दडवलेला. अलॉय घेताना चाक उलटं करून मागची बाजू बघा, पुढची तर कोणीही रंगवतं. टायरचा फोटो मी श्टुटगार्टच्या भाच्याला पाठवला. त्याचं उत्तर लगेच आलं : "मावशी, हे विंटर टायर आहेत. तू पुण्यात कशाला बसवलेस?" त्या प्रश्नाला उत्तर देताना जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही.

दुकानदाराचं म्हणणं : "तुम्ही बघून, पसंत करून घेतलेत." नंतर फोन उचलणं बंद.

चौकीत गेले. तिथल्या साहेबांनी आधी विचारलं, "मिस्टर नाही आले?" मग कागद बघून म्हणाले, हा दिवाणी मामला आहे, तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत, फसवणूक कुठली? मी नट दाखवले, वेल्डिंगचे फोटो दाखवले, चाक निखळून माणसं मेली असती असं सांगितलं. "पण मेलं का कुणी?" असं मला विचारलं गेलं. शब्द हेच होते. एका सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी पक्कं बिल मागितलं. नाही म्हटल्यावर काही दिवसांनी तक्रार 'निकाली' निघाल्याचा मेसेज आला. कुणाच्या बाजूने निकाली, कशी निकाली, काही नाही. वाहनांशी संबंधित कार्यालयात म्हणाले, टायर आमच्या अखत्यारीत नाही. कर विभागाला पावतीचा फोटो जोडून लिहिलं, पोच आली, पुढे शांतता. जो तो दुसऱ्या दाराकडे बोट दाखवतो. आणि प्रत्येक दारात तोच प्रश्न : बिल कुठंय? अहो, बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेली आहे. ज्या गोष्टीला कायदा गुन्हेगाराची चूक म्हणतो, ती खिडकीवर बसलेला माणूस माझी चूक म्हणून मला परत पाठवायला वापरतो. भारतात विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरवर आयएसआयची खूण आणि आयएस १५६३३ हा क्रमांक असावा लागतो. माझ्या चारपैकी एकावरही नव्हता. असा माल गल्लीत उघड्यावर रचून ठेवलेला दिसतो, मग तपासायचं काम नेमकं कुणाचं? हा प्रश्न मी लेखी विचारलाय, उत्तर नाही.

दुरुस्तीचा खर्चही लिहून ठेवते. १७५/६५ आर १५ मापाचे नवे टायर, पक्क्या बिलासह, ५,४५० प्रमाणे २१,८००. होंडाच्या मूळ डिस्क, वापरलेल्या, चार, १,५०० प्रमाणे ६,०००. सैल नटांनी खराब केलेले स्टड, म्हणजे नट ज्यावर फिरतो ते बोल्ट, ८५०. अलाइनमेंट, बॅलन्सिंग ९००. टायरच्या बाजूवर बर्फाची चांदणी दिसली किंवा 'स्टडलेस' (हिवाळी टायरचाच एक प्रकार) असं लिहिलेलं असलं तर भाव ऐकूही नका. नवीन चाकं बसवल्यावर शे-दीडशे किलोमीटरनंतर नट परत तपासून घ्या, दुकान कितीही नावाजलेलं असो. सिटीवाल्यांनी टॉर्क पान्याने, म्हणजे नट किती घट्ट आहे ते मोजणाऱ्या पान्याने, १०८ न्यूटन मीटर बघावं.

जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करते आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. यूपीआयचा उतारा, ती कच्ची पावती, फोनवरचे मेसेज आणि गॅरेजवाल्याचं सही-शिक्क्याचं पत्र जोडलं आहे. ते टायर आणि अलॉय भंगारवाल्याने १,८०० ला मागितले होते, दिले नाहीत. दुसऱ्या कुणाच्या गाडीवर चढतील म्हणून दिले नाहीत आणि पुरावा म्हणूनही ठेवलेत. ज्यांनी असाच 'जपानी' माल घेतला असेल त्यांनी आज खाली जाऊन टायरची बाजू बघा, डोंगर दिसला तर गाडी हायवेवर नेऊ नका, आणि पावतीचा कागद कितीही फालतू दिसत असला तरी फेकू नका.