ओठावर फोड आल्यावर: वाट पाहावी, मलम लावावे की गोळी घ्यावी?

तेंदूपत्त्याच्या हंगामात दिवस उन्हात काढलेल्या किंवा नुकत्याच तापातून उठलेल्या माणसाच्या ओठाच्या कडेला बारीक फोडांचा पुंजका आला, की ‘अंगातली उष्णता बाहेर पडली’ असे आपल्याकडे म्हटले जाते. प्रत्यक्षात हे काम हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूचे असते. तो बहुधा लहानपणीच शरीरात शिरतो, चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत निपचित पडून राहतो आणि ऊन, ताप, थकवा किंवा मासिक पाळीच्या निमित्ताने पुन्हा ओठापर्यंत येतो. (हर्पिस म्हणजे नागीणच, असे समजून काही जण धास्तावतात, नागिणीचा विषाणू वेगळा आहे.)

फोड दिसण्याच्या काही तास ते एक दिवस आधी त्या जागी चुणचुण आणि आग होते. मग पाणी भरलेले फोड येतात, दोन-तीन दिवसांत ते फुटून ओली जखम होते, तिच्यावर पिवळसर खपली धरते आणि बहुतेकदा 7 ते 10 दिवसांत, काहीही न करता, व्रण न राहता ओठ बरा होतो. कोणताही उपाय या मुदतीशीच ताडून पाहावा.

असायक्लोव्हिर या विषाणूरोधक औषधाचे 5 टक्क्यांचे मलम दिवसातून 5 वेळा लावावे लागते आणि त्याने सुमारे अर्धा दिवस वाचतो. त्याच जातीच्या वलासायक्लोव्हिर या औषधाच्या गोळ्या एकाच दिवशी, 12 तासांच्या अंतराने 2-2 ग्रॅम घेतल्यास साधारण एक दिवस वाचतो. मात्र दोन्हींचा उपयोग चुणचुण जाणवताच सुरुवात केली तरच होतो. फोड फुटल्यावर बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाऊन आणलेले मलम बहुतांशी वाया जाते. म्हणून वर्षातून एखाद्या वेळी त्रास होणाऱ्याने व्हॅसलीन लावून वाट पाहावी, हेच मला व्यवहार्य वाटते. वारंवार त्रास होणाऱ्याने मात्र डॉक्टरांना आधीच विचारून गोळ्या घरी ठेवाव्यात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा बदलते, आणि उन्हाळ्यात या गोळ्यांसोबत भरपूर पाणी प्यायलाच हवे.

खाजेसाठी मिळणारे स्टेरॉइडमिश्रित मलम किंवा चुना या फोडांवर लावू नये. खपली गळेपर्यंत तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नये, कारण नवजात बाळाला हा संसर्ग जिवावर बेतू शकतो. डोळा लाल होऊन दुखू लागल्यास किंवा दोन आठवड्यांत जखम न भरल्यास मात्र वाट न पाहता दवाखाना गाठावा.