रेज अगेन्स्ट द मशीन (१९९२): चौघांच्या वाजवण्यातला राग

लाइव्ह साउंडचं काम करणाऱ्या प्रत्येकाकडे सिस्टीम तपासायची दोन-चार हक्काची गाणी असतात. माझ्याकडे कित्येक वर्षं 'बॉम्बट्रॅक' आहे, 'रेज अगेन्स्ट द मशीन' या बँडच्या याच नावाच्या अल्बमचं पहिलं गाणं. आधी गिटार आणि बास दबक्या आवाजात घुटमळतात, मग ड्रम्ससकट सगळे एकदम तुटून पडतात. महागड्या स्पीकरचंही पितळ उघडं पडतं ते इथेच.

रॅप आणि मेटलची मोट बांधणारे आधीही होते. मेटल बँड अँथ्रॅक्स आणि रॅप ग्रुप पब्लिक एनेमी यांचं एकत्र गाणं १९९१ मध्येच आलं होतं. पण लॉस एंजेलिसच्या या चौघांचं ऐकताना दोन प्रकार जोडलेत असं वाटतच नाही. गायक झॅक डे ला रोचा शब्द नेमके ड्रमच्या ठोक्यावर आपटतो, आणि ड्रमर ब्रॅड विल्क त्याला जागा सोडतो. ही सोडलेली जागा मला सगळ्यात जास्त आवडते. पुढे या वाटेवर आलेल्या बऱ्याच बँड्सनी गिटारचे थरावर थर चढवून ती बुजवून टाकली.

गिटारवादक टॉम मोरेलोबद्दल काय बोलावं! सॅम्पल (दुसऱ्या रेकॉर्डिंगमधले तुकडे), कीबोर्ड, सिंथेसायझर यातलं काही वापरलेलं नाही, असं अल्बमवर मुद्दाम छापलंय. 'नो युअर एनेमी'च्या सुरुवातीचा तुटक-तुटक आवाज ऐकून ते खोटं वाटेल. करतो काय, तर गिटारच्या एका पिकअपचा (तारांचं कंपन पकडणाऱ्या भागाचा) आवाज शून्यावर ठेवतो, दुसऱ्याचा पूर्ण, आणि मधला स्विच भराभर हलवतो. बस्स. याच गाण्यात मध्येच 'टूल' बँडचा मेनार्ड जेम्स कीनन गाऊन जातो.

टिम कॉमरफोर्डचा बास मात्र लोकांच्या बोलण्यात फारसा येत नाही. 'बुलेट इन द हेड' त्याच्यासाठी ऐका. अर्धं गाणं तोच ओढतो, आणि शेवटी वेग वाढतो तेव्हाही पाया हलत नाही. मिक्सिंग अँडी वॉलेसचं, त्यामुळे बास आणि किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एकमेकांच्या पायात येत नाहीत.

मुखपृष्ठावर सायगॉनमध्ये १९६३ साली स्वतःला पेटवून घेतलेल्या बौद्ध भिक्खूचा, थिक क्वांग डुक यांचा फोटो आहे. अल्बम आला त्याच वर्षी, रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस कोर्टातून सुटल्यावर लॉस एंजेलिस पेटलं होतं. 'किलिंग इन द नेम' त्या हवेतलं गाणं आहे. शेवटची शिवी घरच्यांसमोर लावू नका, एवढंच सांगतो.

शब्दांबद्दल माझी तक्रार आहे. झॅक कधीकधी घोषणाच देत राहतो. 'फिस्टफुल ऑफ स्टील'मध्ये तर राग आहे पण गाणं पुढे सरकत नाही. याउलट 'वेक अप'. एफबीआयने कृष्णवर्णीय नेत्यांवर ठेवलेल्या पाळतीचा विषय त्यात थेट येतो आणि अंगावर येतो. 'द मेट्रिक्स' चित्रपटाच्या शेवटी वाजतं ते हेच.

दहा गाणी, बावन्न-त्रेपन्न मिनिटं. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, टिम गायब होईल. बरे हेडफोन घ्या, इक्वलायझर बंद ठेवा. पाचपैकी साडेचार. कापलेला अर्धा 'फिस्टफुल'चा.