‘भाडं चालू आहे’ म्हणून गळ्यात मारलेला फ्लॅट

भाड्याच्या उत्पन्नासाठी पहिल्यांदाच फ्लॅट घेणार असाल तर हे वाचा. ‘भाडेकरूसह विकणे आहे’ अशी जाहिरात दिसली की माणूस हुरळतो, कारण पहिल्या महिन्यापासून पैसे सुरू. पुण्यात हिंजवडीजवळच्या पुनावळ्यात याच आमिषावर आम्हाला सात लाखांची टोपी घातली गेली.

आम्ही राहायला साताऱ्यात. फ्लॅट टू बीएचके, रीसेलचा, किंमत 61 लाख, भाडं 28 हजार. एजंटने करार दाखवला, मालकाच्या खात्यात भाडं जमा झाल्याचे स्क्रीनशॉट दाखवले, आणि खुद्द भाडेकरूही दाखवला. हिंजवडीत आयटीत नोकरी, बोलायला गोड. “काका, मी दोन वर्षं तरी हलत नाही,” म्हणाला. वर्षाचे 3 लाख 36 हजार, म्हणजे साडेपाच टक्के. पुण्यात राहत्या फ्लॅटवर एवढं सहसा सुटत नाही. पण करार आणि माणूस दोन्ही समोर असल्यावर शंका कशाची घ्यायची?

हिला मात्र स्वयंपाकघर खटकलं. शेगडीमागच्या टाइल्सवर तेलाचा एक शिंतोडा नाही, फ्रिजच्या दारावरचं प्लास्टिक तसंच, सिंकखाली कचऱ्याचा डबासुद्धा नाही. “हा जेवतो कुठे?” तिने विचारलं. एजंटचं उत्तर तयार होतं, “वहिनी, कंपनीत कँटीन आहे ना.”

खरेदी झाली. दोन महिने भाडं अगदी तारखेला आलं. मग पोराची बंगळुरूला ‘बदली’ झाली आणि तो रीतसर नोटीस देऊन निघून गेला. नवा भाडेकरू बघायला दुसऱ्या एजंटकडे गेलो, तर तो म्हणाला, “इथे एकोणीसच्या वर कोणी देत नाही हो. उन्हाळ्यात सगळी सोसायटी टँकरवर असते.” सेक्रेटरींकडे चौकशी केली. त्या फ्लॅटमध्ये भाडेकरू राहतो याची सोसायटीत नोंदच नव्हती. पोलीस ठाण्यात दिलेल्या माहितीची प्रत नाही, काही नाही.

बिंग फुटलं ते लाइट बिलामुळे. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. आमच्या फ्लॅटचा महिनोन्‌महिने शून्य, एक, दोन युनिट असा चालला होता, आणि आम्हाला फ्लॅट दाखवला त्याच महिन्यात आकडा पहिल्यांदा वर गेला. म्हणजे फ्लॅट रिकामा पडून होता आणि भाडेकरू खास आमच्यासाठी आणून बसवलेला! त्याने दिलेले 56 हजार आमच्याच खिशातून निघून आमच्याकडे परत आले म्हणायचे. त्याच बिल्डिंगमधले तेवढ्याच आकाराचे फ्लॅट 54 लाखांच्या आसपास गेले होते. हे नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा गोषवारा, बघितल्यावर कळलं. ते बघायला कुणाच्या ओळखीची गरज लागत नाही. विकणारा सांगेल तो भाव आणि तो दाखवेल तो भाडेकरू, दोन्ही बाजूला ठेवून आधी वर्षभराचं लाइट बिल मागा, गेटवरच्या वॉचमनशी बोला, आणि त्या भागातल्या दोन-तीन एजंटांना भाडेकरू म्हणून फोन करून भाव काढा. मालक म्हणून विचारलंत तर फुगवून सांगतात.

कराराचंही बघा. आम्हाला दाखवलेला करार पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपण ज्याला भाडेकरार म्हणतो तो, लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलटं सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. शिवाय मालकाला पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे ‘नोटरी केलीय, चालतं’ असं कोणी म्हणालं की तिथेच थांबायचं.

आता खरा हिशोब. 61 लाखांवर 7 टक्के स्टॅम्प ड्यूटी आणि नोंदणीचे 30 हजार धरले की फ्लॅट साडेपासष्ट लाखांना पडला. भाडं 19 हजार. त्यातून महिन्याला साडेतीन हजार मेंटेनन्स आणि वर्षाकाठी एक महिना फ्लॅट रिकामा, एवढंच वजा केलं तरी हातात 1 लाख 67 हजार राहतात, म्हणजे अडीच टक्के. मालमत्ता कर, रंगकाम, एजंटची दलाली यात धरलेलीच नाही. भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते तो वेगळा. तो सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे मात्र ठणकावून सांगा. आणि 45 लाखांच्या कर्जाचा हप्ता आहे चाळीस हजारांच्या घरात.

तक्रार द्यायला गेलो तर ‘दिवाणी बाब आहे’ म्हणून आमची बोळवण झाली. मग वकिलांनी खरेदीखत मागून घेतलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं : ‘सदर सदनिकेचा खुला व शांततापूर्ण ताबा दिला आहे.’ भाडेकरूचा उल्लेख अख्ख्या दस्तात कुठेच नाही. विकणारा आता बिनधास्त म्हणतो, की मी रिकामा फ्लॅट विकला, भाड्याचं एजंट काय बोलला ते मला माहीत नाही. एजंटचं म्हणणं, की मालकाने दिलेले कागद मी पुढे केले. भाडेकरू, भाडं आणि डिपॉझिट या तिन्हींचा उल्लेख खरेदीखतात घालायला लावला असता, तर विकणाऱ्याने त्याखाली सही केली नसती, असं वकिलांचं मत.